हप्ता येणार कुठून? छोटं कर्ज देताना घरही टिकावं आणि शाखाही

नवा शाखा व्यवस्थापक रुजू झाला की त्याच्यासमोर पहिला आकडा ठेवला जातो तो वसुलीचा. ९९ टक्के असेल तर शाखा चांगली, ९४ असेल तर सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. हा आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. समजा चार बायकांनी हप्ता भरला. एकीने दुधाच्या पैशातून, दुसरीने मजुरीतून, तिसरीने दुसऱ्या फायनान्सचं कर्ज उचलून आणि चौथीने डोरलं सोनाराकडे ठेवून. रजिस्टरमध्ये चौघी सारख्याच दिसतात. पहिल्या दोघींच्या घरात आपल्या कर्जाने काहीतरी भर पडतेय. उरलेल्या दोघी सहा-आठ महिन्यांत थकणार आहेत, आणि तेव्हा त्या बुडतीलच, आपले पैसेही बुडतील.

मी बीड जिल्ह्यात धारूर, वडवणी, केज या पट्ट्यात छोट्या कर्जांचं काम करत आले आणि आता नव्या मुलामुलींना ते शिकवते. बैठकांमध्ये "समाजसेवा करायची की धंदा?" असा प्रश्न नेहमी येतो. माझं म्हणणं असं की दहातल्या आठ वेळा हा प्रश्नच उद्भवत नाही. जे कर्ज त्या घराला झेपतं तेच आपल्यालाही सुरक्षित असतं. उरलेल्या दोन वेळा मात्र खरी ओढाताण होते, आणि तिथे डोळे उघडे ठेवून निर्णय घ्यावा लागतो. पुढे लिहिलंय ते नव्या व्यवस्थापकांसाठी, बचत गटांचे महासंघ चालवणाऱ्यांसाठी आणि ज्यांना स्वतःची छोटी पतसंस्था नीट चालवायची आहे त्यांच्यासाठी.

घरात बसून बारा महिन्यांचा हिशोब मांडा

आधी नियम. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना एकच चौकट घालून दिली आहे. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला बिनतारण दिलेलं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. त्या घराचे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. मुदतीआधी पैसे भरले तर दंड नाही. उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही.

हा नियम चांगला आहे, पण तो वर्षाची सरासरी बघतो. घर सरासरीवर चालत नाही. आमच्याकडचं ऊसतोडीचं एक घर घेऊ. आकडे उदाहरणाचे आहेत, पण असं घर तुम्हाला डोंगरपट्ट्यातल्या कुठल्याही वाडीत भेटेल. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी; मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, १,१०,०००. एकरभर सोयाबीन, खर्च जाऊन हातात २०,०००. उरलेल्या महिन्यांतली दोघांची मजुरी ७०,०००. बेरीज २ लाख, म्हणजे महिन्याला साधारण १६,६०० रुपये. निम्मे ८,३००. बाई ५०,००० मागते. २४ टक्के घटत्या शिलकीच्या दराने (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज) दोन वर्षांसाठी हप्ता होतो २,६४४. टॅबवर लगेच हिरवी खूण येते, म्हणजे कर्ज नियमात बसतं.

आता टॅब बाजूला ठेवा, वहीत बारा चौकटी आखा आणि बाईला विचारत विचारत भरा. तिच्या तोंडून जे येतं ते असं असतं. उचल मिळाली ती गेल्या वर्षीच्या दवाखान्यात आणि घरावरच्या पत्र्यात गेली, म्हणजे ते उत्पन्न नाही, ते आधी घेतलेलं कर्ज आहे आणि पाच महिने ऊस तोडून फिटणार आहे. नोव्हेंबर ते मार्च कारखान्यावर हातात फक्त खर्ची, म्हणजे खाण्यापुरते पैसे. एप्रिल-मेमध्ये गावात काम तुरळक. जूनमध्ये बी-खताचा खर्च, तोही उधारीवर. जुलै-ऑगस्टला खुरपणी मिळते तेव्हा पहिल्यांदा आठवड्याला रोख पैसा दिसतो. सप्टेंबर पुन्हा कोरडा. ऑक्टोबरला सोयाबीन आणि काढणीची मजुरी. बारापैकी तीन-चार चौकटींमध्येच खरा पैसा आहे. या घराला दर महिन्याला २,६४४ भरायला लावणं म्हणजे आठ महिने तिला कुणापुढे तरी हात पसरायला लावणं.

मग विचारा, पैसा कशाला हवा. तिला दोन गाभण शेळ्या घ्यायच्या आहेत. उस्मानाबादी जात आपल्या भागाला चालते, जुळी करडं सहज देते, धंदा चांगला आहे. पण शेळी आज घेतली तरी करडू विकायला सात-आठ महिने जातात, गाभण नसेल तर वर्षावर. तोवरचे हप्ते शेळी भरणार नाही, मजुरी भरणार आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो फॉर्मवर नसतो: तुम्ही दोघं तोडीला गेल्यावर शेळ्या कोण सांभाळणार? सासू गावात राहते, नातवंडंही तिच्याकडेच, असं उत्तर आलं तर पुढे जा. "बघू, शेजारीण बघेल" असं आलं तर शेळीचं कर्ज देऊ नका.

या घराला माझा सल्ला २५,००० चा. दोन वर्षांचा हप्ता १,३२२. त्यातही तोडीच्या पाच महिन्यांत फक्त व्याज घ्यायचं, जे सुरुवातीला महिन्याला ५०० च्या आसपास येतं, आणि मुद्दल खुरपणी-काढणीच्या महिन्यांत आणि करडं विकल्यावर जास्त. हप्ते किती किती दिवसांनी घ्यायचे हे कर्जदाराच्या सोयीने ठरवण्याची मुभा २०२२ च्या नियमांतच आहे, संस्थेच्या संचालक मंडळाने तसं धोरण करावं एवढीच अट. बहुतेक शाखांमध्ये ती वापरलीच जात नाही, कारण सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांना एकच साचा टाकणं सोपं असतं. अशा रचनेत मुद्दल उशिरा फिटतं म्हणून एकूण व्याज थोडं वाढतं. ते रुपयांत किती, हे तिला सही करण्याआधी सांगायचं.

इथे पहिली खरी ओढाताण येते. कोलकात्यात अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला होता, त्याचा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही बायकांना पहिला हप्ता दोन आठवड्यांनी, काहींना दोन महिन्यांनी सुरू केला. ज्यांना दोन महिने मिळाले त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि तीन वर्षांनीही त्यांचा नफा जास्त होता. पण त्याच बायकांमध्ये कर्ज थकण्याचं प्रमाणही जास्त निघालं. सवलत दिली की काही घरं पुढे जातात, काही घसरतात, आणि दोन्ही खरं आहे. मी नव्या सभासदाला पहिल्या कर्जात लांब सवलत देत नाही. छोटं कर्ज, नेहमीचा हप्ता, आणि त्या वर्षात तिचं घर नीट पाहून घेते. दुसऱ्या कर्जापासून सवलत, वर सांगितलेली तोडीच्या महिन्यांची रचनाही तेव्हाच. यात थोडी थकबाकी वाढणार हे धरूनच तरतूद ठेवा, मग मार्चमध्ये घाबरून सवलती मागे घ्याव्या लागत नाहीत.

डोक्यावर आधीचं काय आहे ते बघा

क्रेडिट रिपोर्ट काढणं बंधनकारक आहे आणि काढाच. पण आमच्याकडे ज्याला सगळे सरसकट सिबिल म्हणतात त्या कागदावर मुकादमाची उचल दिसत नाही. गावातल्या सावकाराचे पैसे दिसत नाहीत, सोनाराकडचं गहाण बहुतेकदा दिसत नाही, भिशी दिसत नाही, कृषी सेवा केंद्राची उधारी दिसत नाही. बचत गटातून घेतलेलं अंतर्गत कर्जही बऱ्याचदा दिसत नाही. तोडीच्या घरात हेच मोठं असतं.

"ताई, तुमच्यावर कर्ज किती?" असं सरळ विचारलं की कुणीच खरं सांगत नाही, आणि का सांगावं? मी विचारते, "तुमची कुठल्या वारी कुठली मीटिंग असते?" हप्ते ठरलेल्या वारच्या मीटिंगमध्येच गोळा होतात, आणि त्याला उत्तर पटकन येतं. सोमवारी एक, बुधवारी दोन, महिन्याच्या दहा तारखेला गटाची. चार वार निघाले की हिशोब कळतो. मग म्हणते, कर्जाची सगळी कार्डं आणा. ती एका पिशवीत, देवाच्या फोटोमागे किंवा पिठाच्या डब्यावर ठेवलेली असतात. प्रत्येक कार्डावरची शिल्लक आणि हप्त्याची तारीख बघा. एक कर्ज दुसरं फेडायला घेतलंय का, हे कार्डांच्या तारखाच सांगतात. एकाचं वाटप आणि दुसऱ्याचे तुंबलेले तीन हप्ते एकाच आठवड्यात भरलेले, असं दिसलं तर थांबा.

२०१० मध्ये आंध्र प्रदेशात हेच न बघण्याने घात झाला. एकाच वस्तीत कंपन्यांनी एकमेकांवर कुरघोडी करत कर्जं वाटली, वसुलीच्या जाचाला आणि आत्महत्यांच्या बातम्यांना तोंड फुटलं, ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि तिथली वसुली जवळजवळ ठप्प झाली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेची मालेगाम समिती आली आणि आजच्या नियमांचा पाया पडला. मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या एमफिन या संघटनेने २०२४ मध्ये पुन्हा मर्यादा घट्ट केल्या: एका कर्जदाराला तीनपेक्षा जास्त कंपन्यांनी कर्ज देऊ नये, एकूण रक्कम २ लाखांच्या वर जाऊ नये. माझ्या मते ऊसतोडीच्या घराला दोन कंपन्याच पुष्कळ झाल्या, आणि उचल हे तिसरं कर्ज धरायचं.

बाई बचत गटात असेल तर तिला आधी हे सांगा की 'उमेद'च्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, गटाला बँकेचं ३ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्क्यांनी मिळू शकतं. तुमचं २४ टक्क्यांचं कर्ज त्यानंतर. काही वरिष्ठांना हे आवडत नाही. पण जी बाई तुमच्या सांगण्यावरून स्वस्त कर्ज घेते ती पुढे तिच्या घरातली खरी परिस्थितीही तुम्हाला सांगते, आणि जोखीम ओळखायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

व्याजाचं गणित कर्मचाऱ्यांना आणि बायकांना, दोघांना समजावा

"गरिबाला २४ टक्के आणि गाडी घेणाऱ्याला ९ टक्के?" हा प्रश्न मीटिंगमध्ये येतोच. त्याला उडवून लावू नका, हिशोब दाखवा. समजा एका कर्मचाऱ्याचा पगार आणि पेट्रोल मिळून महिन्याला २५,००० आणि त्याच्याकडे ४०० कर्जदार. वर्षाला एका कर्जदारामागे ७५० रुपये. शाखेचं भाडं, व्यवस्थापक, टॅब, ऑडिट धरून आणखी तेवढेच. झाले १,५००. २५,००० च्या कर्जात वर्षभराची सरासरी शिल्लक १३,५०० धरली तर हा नुसता कामाचा खर्च ११ टक्के पडतो. ज्या पैशातून आपण कर्ज देतो तो बँकेकडून आणलेला, त्याचं व्याज वेगळं. बुडणारं वेगळं. तेच कर्ज ५०,००० चं दिलं की कामाचा खर्च साडेपाच टक्क्यांवर येतो.

सगळा मोह इथे आहे. कर्ज मोठं केलं की शाखा एका फटक्यात नफ्यात दिसते, म्हणून "ताई, एवढंच कशाला, साठ घ्या ना" हे वाक्य जन्माला येतं. गरीब घराला छोटं कर्ज हवं असतं आणि छोट्या कर्जात संस्थेला परवडत नाही. दुसरी खरी ओढाताण ती हीच. ती कर्ज फुगवून सोडवायची नसते, खर्च कमी करून सोडवायची असते. आठवड्याच्या मीटिंगऐवजी जुन्या, विश्वासातल्या केंद्रांना (एकत्र मीटिंग होणाऱ्या गटांना) महिन्याची मीटिंग. एका रस्त्यावरची गावं एकाच कर्मचाऱ्याकडे. तालुक्याच्या मुख्य चौकातल्या काचेच्या ऑफिसऐवजी मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. जुनी सभासद सोडून जाऊ नये यासाठी धडपड, कारण नवी बाई शोधणं आणि पडताळणं हा सगळ्यात महाग भाग आहे.

बायकांना दर सांगताना "दोन रुपये शेकडा" एवढ्यावर थांबू नका. एकूण किती परत करायचे ते रुपयांत सांगा: २५,००० घेतले, दर महिन्याला सारखा हप्ता भरला, तर ३१,७२३ द्यायचे, वर प्रोसेसिंग फी आणि विमा एवढा. माहितीपत्रकावर हे सगळं मराठीत असलंच पाहिजे. जो विमा किंवा मिक्सर कर्जासोबत गळ्यात मारला जातो तो नियमाने तिच्या मर्जीशिवाय देता येत नाही.

विम्याबद्दल एक सांगते, कारण आमच्याकडे घर कोसळतं ते बहुतेकदा दवाखान्याने. शाखेतल्या प्रत्येक केंद्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती द्या, तालुक्यात आणि बीड-अंबाजोगाईत कुठली रुग्णालयं त्यात आहेत याची यादी भिंतीवर लावा. बँकेतून ४३६ रुपयांची जीवनज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजना, दोन्हींत २ लाखांचं संरक्षण, सभासद आणि नवरा दोघांची सुरू आहे का ते विचारा. यातून शाखेला एक पैसा मिळत नाही. पण बाईचं ऑपरेशन मोफत झालं तर आपला हप्ता थांबत नाही.

गटाचा आधार घ्या, गटाला पोलीस करू नका

पाच जणींची एकमेकींना जामीनकी ही कल्पना बांगलादेशातून आली. अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये जोब्रा गावात सुरुवात केली, १९८३ मध्ये ग्रामीण बँक झाली. तिथेही पुढे अनुभवातून कर्जाची रचना सैल करावी लागली, हे आपल्याकडे फार कुणी सांगत नाही. गटाचा खरा उपयोग निवडीत आहे. बायकांना आपसात माहीत असतं कोण कष्टाळू, कुणाचा नवरा पितो, कोण दुसरीच्या नावावर कर्ज उचलतं. म्हणून गट त्यांनाच बनवू द्या. कर्मचाऱ्याने किंवा गावातल्या एजंटने जुळवलेला गट घेऊच नका. एजंट शेकडा कमिशन घेतो, आणि अशा गटात पाच कर्जं एकाच घरात गेलेली सापडतात. वाटपानंतर महिनाभरात प्रत्येक घरी जाऊन शेळी, मशीन, माल डोळ्यांनी बघायचा तो यासाठीच.

एखादीचा हप्ता आला नाही तर बाकीच्या चौघींना अंधार पडेपर्यंत बसवून ठेवण्याची पद्धत आजही काही ठिकाणी चालते. ती बंद करा. चुलीवरचं सोडून आलेल्या बायकांना ओलीस धरून मिळालेला हप्ता पुढच्या महिन्यात चार जणी कमी करून जातो. मीटिंग वेळेवर संपवायची. न आलेल्या बाईच्या घरी, ती सलग दोनदा ठरलेल्या जागी आली नाही तरच जायचं, सकाळी ९ च्या आधी नाही आणि संध्याकाळी ६ नंतर नाही. हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. आणि गेल्यावर पहिला प्रश्न "हप्ता का नाही?" हा नको, "घरी काय झालंय?" हा विचारायचा. आजारपण असेल तर मुदत वाढवून नवं कार्ड द्या. दुसऱ्या कंपन्यांच्या हप्त्यांत गाडली गेली असेल तर बसून कुणाचं किती ते लिहा आणि तिला झेपेल असा छोटा हप्ता ठरवा. पैसे असून देत नसेल, तर मात्र मऊ होऊ नका. गटासमोर स्पष्ट बोला आणि पुढचं कर्ज थांबवा. तिन्ही घरांना एकच नोटीस पाठवणं हे आळसाचं लक्षण आहे.

काही घरांना कर्जच देऊ नका

एकटी बाई, जमीन नाही, अंगात मजुरीची ताकद नाही, महिन्याला ठरावीक काहीच येत नाही. तिच्या दारात कर्जाचा फॉर्म घेऊन जाणं हा अन्याय आहे. तिला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून द्या, उत्पन्नाचा दाखला मिळवून द्या, गटात बचतीपुरतं घ्या. ब्रॅक या संस्थेने बांगलादेशात २००२ पासून अतिगरीब घरांसाठी वेगळा मार्ग काढला: आधी एक जनावर किंवा साधन मोफत, काही महिने खाण्यापुरती मदत, घरी येऊन शिकवणं, आणि घर उभं राहिल्यावरच कर्ज. क्रम असा हवा. आपल्याकडे देणगीचा पैसा नसेल तर निदान क्रम उलटा करू नये.

टार्गेट बदला, नाहीतर वरचं सगळं कागदावर राहील

महिन्याला किती वाटप केलं यावर मुलांचा इन्सेंटिव्ह ठरत असेल तर कुठलाही मुलगा बारा चौकटी भरत बसणार नाही. त्याला दोष देता येत नाही; तुटपुंजा पगार, गाडीचा हप्ता, आणि वरून रोज फोन. वाटपाचा वाटा कमी करा. जुन्या सभासद किती टिकल्या, घरपडताळणी किती खरी निघाली, तक्रारी किती आल्या, यावर पैसे द्या. व्यवस्थापकाने दर महिन्याला वेळेवर हप्ता भरणाऱ्या काही बायकांच्या घरी, थकीत नसलेल्यांच्या, स्वतः जावं आणि एवढंच विचारावं: गेल्या महिन्याचा हप्ता कशातून भरला?

शाखेच्या आकड्यांत तीस दिवसांवर थकलेल्या कर्जदारांची पूर्ण शिल्लक एकूण शिलकीच्या किती टक्के आहे हे दर आठवड्याला बघा, नुसता थकलेला हप्ता बघू नका. आणि एका गावात एकाच धंद्याला कर्ज कोंबू नका. २०२२ मध्ये जनावरांचा लम्पी हा त्वचारोग आला तेव्हा ज्या गावात सगळ्यांनी गायीच घेतल्या होत्या तिथे एकाच वेळी सगळ्यांचं दूध घटलं.

वाईट वर्षासाठी आधीच ठरवून ठेवा

नोटबंदीनंतर विदर्भात "कर्ज माफ झालंय, भरू नका" अशी हाकाटी पिटली गेली आणि वसुली कोसळली. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात शेतंच वाहून गेली. दोन्ही संकटं वेगळी. पहिल्यात कर्मचारी गावात दिसत राहणं आणि खरी माहिती सांगणं हाच उपाय असतो. दुसऱ्यात पहिला आठवडा वसुलीसाठी फिरूच नका. पाहणीसाठी फिरा, आणि यादीचे तीन भाग करा: ज्यांचं फारसं गेलं नाही, ज्यांचं पीक गेलं पण मजुरी आणि जनावरं शाबूत आहेत, आणि ज्यांचं सगळं गेलं. पहिल्यांचा हप्ता नेहमीसारखा. दुसऱ्यांना पुढच्या सुगीपर्यंत मुदतवाढ, नव्या कार्डावर लिहून, गटासमोर वाचून. तिसऱ्यांचं कर्ज बुडीत धरून तरतूद करा, पंचनाम्याच्या कागदांना मदत करा. जुना हप्ता भरायला नवं कर्ज मात्र कुणालाच देऊ नका. त्याने मार्चअखेरचे आकडे सुंदर दिसतात आणि पुढच्या जूनला दुप्पट भोक पडतं. बँकेला, जिच्याकडून आपण पैसे आणले, ही तीन भागांची यादी त्याच महिन्यात स्वतःहून नेऊन दाखवा. गावागणिक नावानिशी हिशोब हातात असेल तर बँकही मुदत वाढवून द्यायला बसते.